दादाची कॅमेरो आणि नॉरवुडचा कारखाना



आपल्या या समूहावर बहुतेक आठवणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या वाड्यांच्या आणि गणेशोत्सवांच्या असतात. आज जरा लांबचं लिहितोय, पण सुरुवात इंदुरातच आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आमचे वडील होळकर संस्थानात कारकून होते. महाराजांच्या मोटारी हा त्यांचा आवडता विषय. यशवंतराव होळकरांकडे एक ड्यूसेनबर्ग होती. सांगाडा आणि सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचं, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची. तीनशे वीस हॉर्सपॉवरची गाडी, तीही १९३० च्या दशकात! जेवताना वडील हा आकडा असा सांगायचे की वरणभात थंड व्हायचा. मी ऐकून सोडून द्यायचो. माझा मोठा भाऊ, दादा, मात्र सोडून देत नसे.

दादा सेकसरिया कॉलेजातून मेकॅनिकल झाला आणि १९७० मध्ये पुढच्या शिक्षणासाठी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला गेला. तेव्हा परकीय चलनाचे नियम कडक. खिशात परवानगीचे आठ डॉलर! मी बी.कॉम. होऊन १९७३ ला बँकेत लागलो. तो यंत्रांत, मी वह्यांत. पुढे तिथल्या एका मशीन टूल कंपनीत त्याला नोकरी मिळाली, वहिनी गेल्या, घर झालं. घर सिनसिनाटीला लागूनच असलेल्या नॉरवुड गावात. गाव कसलं, चारही बाजूंनी सिनसिनाटी आणि मध्ये हे छोटं बेट. आणि गावाच्या मधोमध, घरांच्या रांगांना खेटून, जनरल मोटर्सचा जुना कारखाना. १९२३ पासूनचा.

१९८५ च्या उन्हाळ्यात दादाचं पत्र आलं, "मी कॅमेरो घेतली." आईने ते 'कॅमेरा घेतला' असं वाचलं आणि सगळ्या गल्लीत सांगितलं की थोरल्याने चौदा हजार डॉलरचा कॅमेरा घेतला. हिशेब करून मीच घाबरलो. पुढच्या पत्रातल्या फोटोत कळलं, लांब नाकाची, जमिनीलगत बसलेली काळी मोटार. शेवरोले कॅमेरो, आयरॉक-झी. त्याने खाली लिहिलं होतं, "बाबांना सांग, महाराजांची गाडी माझ्या घरापासून दोन तासांवर बनली होती. माझी पाच मिनिटांवर बनते."

या गाडीचं महत्त्व समजायला आधीची पंधरा वर्षं बघावी लागतात.

१९७० मध्ये कॅमेरो झेड-२८ चं इंजिन ३६० हॉर्सपॉवरचं सांगितलं जाई. १९७५ मध्ये कॅमेरोच्या सगळ्यात मोठ्या इंजिनाची ताकद होती १५५. झेड-२८ हे मॉडेलच त्या वर्षी यादीतून गेलेलं होतं. यातला थोडा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. १९७२ पासून इंजिन गाडीत बसवल्यावर पंखा, सायलेन्सर वगैरे सगळं लावून मोजू लागले. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, आधी ढोबळ नफा सांगत, मग निव्वळ. पण बाकीची घट खरी होती. १९७० च्या कायद्याने धुरावर बंधनं आली. १९७५ पासून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला शिसं चालत नाही, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. शिशाशिवाय इंजिनात पूर्वीइतका दाब चालेना, म्हणून दाब उतरवला आणि त्याबरोबर ताकदही उतरली.

त्यातच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे आपल्या ८८ किलोमीटरची मर्यादा घातली गेली. १९७९ मध्ये इराणमुळे दुसरा झटका बसला. कंपनी विकते त्या सगळ्या गाड्यांची मिळून पेट्रोलची सरासरी सरकारने ठरवून दिली, ती १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल होती, १९८५ पर्यंत साडेसत्तावीसवर नेली. मध्यंतरी तर स्पीडोमीटरवर ८५ मैलांच्या पुढचे आकडेच छापायचे नाहीत असा नियम आला. दोनेक वर्षांत तो मागे घेतला, पण तसे स्पीडोमीटर असलेल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर होत्या.

वर व्याजदर. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेतला प्राइम रेट साडेएकवीस टक्के होता! मी तेव्हा कर्ज विभागात होतो, आकडा वाचून दोनदा चष्मा पुसला. क्रायस्लर कंपनी तर बुडायलाच आली होती. जानेवारी १९८० मध्ये सरकारने तिच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. ते कर्ज कंपनीने १९८३ मध्येच, सात वर्षं आधी फेडलं. हमीच्या बदल्यात सरकारने शेअरवर हक्क घेऊन ठेवले होते, ते विकून सरकारला तीस कोटी डॉलरहून जास्त मिळाले. जामीनदाराने असे पैसे मिळवलेले मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिले नाहीत.

तर अशा सगळ्या बेड्या पायात असताना वेगवान गाड्या परत आल्या. इंजिन मोठं करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना हिशेब जमवावा लागला. १९८२ मध्ये फोर्डने मस्टँग जीटीमध्ये पाच लिटरचं इंजिन पुन्हा आणलं, १५७ हॉर्सपॉवरचं. १९८७ पर्यंत त्याच आकाराच्या इंजिनातून २२५ काढले. ब्यूकने व्ही-६ इंजिनाला टर्बो लावला, मग हवा थंड करणारा इंटरकूलर लावला. १९८७ ची काळी ग्रँड नॅशनल २४५ हॉर्सपॉवरची होती, आणि मासिकांच्या चाचण्यांत दोन सिलिंडर जास्त असलेल्या कॉर्व्हेटच्या बरोबरीने पळायची, कधी पुढेही जायची. तिची शेवटची खास आवृत्ती, जीएनएक्स, फक्त ५४७ बनल्या. क्रायस्लरच्या डॉज विभागाने तर साध्या छोट्या ओम्नीला टर्बो लावून मोठ्यांच्या मागे सोडली.

कॅमेरोचीही तीच गोष्ट. १९८२ च्या नव्या कॅमेरोत सगळ्यात स्वस्त इंजिन चार सिलिंडरचं, ९० हॉर्सपॉवरचं होतं. झेड-२८ ला साधा कार्बोरेटर असेल तर १४५. १९८५ मध्ये आयरॉक-झी आली, तिचं नाव तिथल्या एका शर्यतमालिकेवरून. दादाच्या गाडीत पाच लिटरचं इंजिन आणि नवं 'ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन' होतं, २१५ हॉर्सपॉवर. प्रत्येक सिलिंडरला लांब, वळणदार नळीतून हवा, आणि पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. नळ्या लांब असल्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांतच जोर धरतं. त्या वर्षी हे इंजिन फक्त ऑटोमॅटिक गिअरबरोबर मिळे, हाताचा गिअर हवा तर १९० वर समाधान माना. दादाने दोन रात्री विचार करून २१५ घेतली. वहिनी म्हणाल्या, "लग्नाला होकार द्यायला एक रात्र लागली होती."

दहा हजार डॉलर कर्ज, साडेअकरा टक्के, ४८ हप्ते. महिना २६१ डॉलर. एकूण व्याज अडीच हजारांच्या वर. आणि ऑगस्ट १९८६ मध्ये जनरल मोटर्सने शिल्लक गाड्या खपवायला २.९ टक्के दराची योजना काढली! ३६ महिन्यांना तेवढ्याच कर्जावर व्याज झालं असतं साडेचारशे. दादाचं तेव्हाचं पत्र म्हणजे शोकसभाच होती. मी उत्तरात लिहिलं, "व्याज सोडणारा किमतीत धरतो. आणि कंपनी एवढं व्याज सोडते म्हणजे तिच्या अंगणात गाड्या साचल्यात. तू गाडीची नाही, तुमच्या त्या कारखान्याची काळजी कर." लिहिताना मला वाटलं, वा, काय शहाणपण! तीन महिन्यांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, कंपनीने अकरा कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकोणतीस हजारांच्या आसपास नोकऱ्या जाणार होत्या. यादीत नॉरवुड होतं.

१९८७ मध्ये मी साठवलेली रजा काढून दादाकडे गेलो. जुलै ते सप्टेंबर. तिकीट त्याने पाठवलं.

त्या गाडीत बसायचं म्हणजे आपल्याकडे पाटावर बसतात तसं. दार एवढं लांब आणि जड की पहिल्यांदा मी ते एका हाताने ओढलं आणि ते हललंच नाही. पुढची काच झोपलेली, नाक कुठे संपतं ते दिसत नाही. मागची सीट मुलांपुरती, दादाचा मुलगा तिथे पाय पोटाशी घेऊन बसायचा. माझ्या पायाखाली, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या जागेत, जमिनीला मोठा उंचवटा होता. दादा म्हणाला, "त्याच्याखाली कन्व्हर्टर आहे." धुराचा सगळा कायदा माझ्या डाव्या पायाखाली होता तर!

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर दादाने पाय दाबला. आवाज आधी येत नाही, आधी पाठ सीटमध्ये जाते. माझ्याकडे इंदुरात स्कूटर होती, आणि नवी मारुती आठशे सीसीची असते यावर आमच्या शाखेत कौतुकाच्या चर्चा चालत. हे पाच हजार सीसी. दादा लगेच पाय काढून घ्यायचा. डॅशबोर्डवर पोलिसांचं रडार ओळखणारी डबी लावलेली होती. त्याच एप्रिलमध्ये गावाबाहेरच्या मोठ्या महामार्गांवर ६५ मैलांची परवानगी द्यायला राज्यांना मुभा मिळाली होती, तरी सवय जात नव्हती. लिटरला सहा-सात किलोमीटर मिळायचे, पण तेल स्वस्त झालेलं, गॅलनला डॉलरपेक्षा कमी. विमा मात्र सणसणीत. हिवाळ्यात ती गाडी काही कामाची नाही, रुंद टायर आणि मागच्या चाकांवर जोर, बर्फात जागच्या जागी फिरायची. पावसातही दादाने एकदा वळणावर घाईत पाय दाबला होता आणि गाडी उलट तोंड करून उभी राहिली होती. चूक त्याचीच. वहिनींना अजून सांगितलेलं नाही, आता सांगून टाकतो.

दादाच्या समोरच्या घरात एक गृहस्थ राहायचे. पन्नाशीचे, कारखान्यात अठरा वर्षं. १९७२ चा संप त्यांनी पाहिलेला. तो संप १७४ दिवस चालला. अर्धवट राहिलेल्या अकराशेच्या आसपास गाड्या शेवटी मोडीत काढाव्या लागल्या, कारण तोवर नव्या वर्षाचे बंपरचे नियम लागू झाले आणि त्या नियमांत बसेनात. तेव्हा कंपनी कॅमेरोच बंद करण्याच्या विचारात होती. ते म्हणायचे, "त्या वेळी गाडी वाचली, आम्ही वाचलो. या वेळी गाडी वाचतेय, आम्ही नाही." खरंच तसं होतं. कॅमेरोचं काम कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसला जाणार होतं. नॉरवुडची इमारत जुनी, मजल्यांची, चारही बाजूंनी घरं, वाढायला जागाच नाही.

ते लाइनवर दारं बसवायचे. दादाने गाडी घरी आणली त्या संध्याकाळी ते रस्ता ओलांडून आले होते, दाराच्या फटीवरून बोट फिरवलं, दार उघडून लावलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे आमचंच." त्यांच्याकडेही कॅमेरो होती, लाल झेड-२८, हप्त्यांवर. मला हे फार नवल वाटलं. माझ्या डोक्यात वेगवान मोटार म्हणजे महाराजांची. इथे जो दारं बसवतो तोच ती चालवतो. मस्टँग, कॅमेरो घेणारे पुष्कळ जण असेच, गिरणीतले, गॅरेजमधले, नुकते नोकरीला लागलेले. त्यांना वेग परवडला तो हप्त्यामुळे, आणि हप्ता परवडला तो पक्क्या पगारामुळे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते दादाकडे आले. गाडीचे काही हप्ते उरले होते. पगार बंद होण्याआधी कर्ज संपवून टाकावं अशी त्यांची इच्छा. दोन हजार डॉलर हवे होते. बेकारीचा भत्ता सुरू झाला की महिन्याला थोडे थोडे परत देईन म्हणाले. दादाने उद्या सांगतो म्हटलं, आणि रात्री जेवताना मला विचारलं, "तू बँकेतला, तू सांग."

मी सांगितलं. तीन आठवड्यांत नोकरी जाणार, म्हणजे परतफेडीचा उगमच नाही. तारण आधीच दुसऱ्याकडे. कागद होणार नाही. शेजार आहे, पैसे अडकले तर संबंधही जातील. नको. वहिनी मध्येच म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो." मी म्हटलं, "वहिनी, बुडीत खात्यांतली निम्मी माणसं चांगलीच असतात."

दादा गेला आणि नाही म्हणून आला. ते गृहस्थ रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा हात केला.

ऑगस्टच्या अखेरीस शेवटची गाडी बाहेर पडली. चार हजारांहून जास्त माणसं घरी बसली. आम्ही संध्याकाळी दादाच्या गाडीतून कारखान्यावरून गेलो. फाटकाजवळ लोक उभे होते, बहुतेक गप्प. आमची गाडी बघून एकाने टपावर दोनदा हळूच थाप मारली, घोड्याच्या पाठीवर मारतात तशी. दादा पुढे गावभर एक शब्द बोलला नाही.

मी सप्टेंबरमध्ये परत आलो. पुढच्या हिवाळ्यात पत्र आलं. भत्ता मिळत होता, पण घरात आजारपण निघालं आणि त्या गृहस्थांचे हप्ते थकले. एका रात्री टो-ट्रक येऊन लाल गाडी उचलून घेऊन गेला. तिथे कर्ज देणाऱ्याला तसा हक्क असतो. गाडी लिलावात कमी भावाला गेली, आणि राहिलेल्या रकमेचं मागणीपत्र त्यांच्याच नावावर आलं. गाडीही गेली, कर्जही राहिलं. वसंतात त्यांना दुसऱ्या राज्यात काम मिळालं आणि ते गेले. जाताना दादाच्या गाडीचं दार एकदा उघडून लावून बघितलं म्हणे.

कागदावर माझा सल्ला बरोबर होता. आजही कोणी नवा अधिकारी विचारेल तर मी तेच सांगीन. पण अठरा वर्षं त्या माणसाने घराचा किंवा गाडीचा एक हप्ता चुकवला नव्हता, हे वहिनींना माहीत होतं, मी विचारलंच नाही. आणि तो कारखाना काही त्याच्या चुकीने बंद पडला नव्हता. दोन हजार डॉलर दादाकडे तेव्हा होते. बुडाले असते तरी आम्ही बुडालो नसतो. नोकरीत मी शेकडो कर्जं नाकारली, त्यातली फार थोडी लक्षात आहेत. ही माझ्या बँकेची नव्हती, तरी आहे.

पुढचं थोडक्यात. त्याच काळात फोर्डने मस्टँगची पुढची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, माझ्दाच्या सांगाड्यावरची करायचं ठरवलं होतं. १९८७ मध्ये ते फुटलं आणि चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. फोर्डने त्या गाडीला प्रोब नाव दिलं आणि जुनी मस्टँग चालू ठेवली. ग्राहकांच्या पत्रांनी गाडी वाचू शकते. कारखाने पत्रांनी वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. व्हॅन नाइसही १९९२ मध्ये बंद झालं. आयरॉक-झी हे नाव १९९० पर्यंत चाललं. दादाने त्याची गाडी १९९१ ला विकली, मुलं मोठी झाली, मागच्या सीटवर मावेनात. दादा जाऊन आता सहा वर्षं झाली.

हे सगळं आज आठवायचं कारण, गेल्या महिन्यात पुतण्याने एका जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातला फोटो पाठवला. काळी आयरॉक-झी. आपलीच असेल का, त्याने विचारलं. नंबर जुळला नाही. पण काचेखालच्या पट्टीचा फोटो मी मोठा करून पाहिला. १९८१ पासून अमेरिकेतल्या गाड्यांचा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो, त्यातलं अकरावं अक्षर कारखान्याचं. या कॅमेरोंत व्हॅन नाइससाठी 'एल', नॉरवुडसाठी 'एन'. फोटोत 'एन' होता. पुतण्याला कळवलं, "आपली नाही, पण आपल्या गावची आहे. मालक हो म्हणाले तर दार एकदा उघडून लावून बघ."

आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक त्या काळात तिथल्या मोटारगावांत, डेट्रॉइट, फ्लिंट, डेटन वगैरे भागात होते का? त्यांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. चूकभूल द्यावी घ्यावी.